ईएसीच्या आठ राष्ट्राध्यक्षांना खुलं पत्र: नवीन करार नको, सही केलेले पाळा

प्रति,
पूर्व आफ्रिकन समुदाय म्हणजेच ईएसीच्या शिखर परिषदेत बसणारे केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा, बुरुंडी, दक्षिण सुदान, काँगो आणि सोमालियाचे आठही राष्ट्राध्यक्ष,
मुक्काम अरुशा, टांझानिया.

रुटो साहेब, मुसेवेनी साहेब, सामिया मॅडम, कागामे साहेब, एनडायिशिमिये साहेब, साल्वा कीर साहेब, त्शिसेकेदी साहेब आणि हसन शेख साहेब, सगळ्यांना नमस्कार.

पत्र मराठीत आहे हे आधीच सांगतो. इंग्रजीत लिहिलं असतं तर अरुशाच्या सेक्रेटरिएटमध्ये त्याला एक इनवर्ड नंबर पडला असता आणि विषय संपला असता. मराठीत लिहिलं की निदान पुण्या-मुंबईहून इकडे माल पाठवणारे, नैरोबी-कंपाला-दार एस सलाममध्ये नोकरीधंदा करणारे आपले लोक तरी वाचतील, त्यातला एखादा तुमच्या एखाद्या मंत्र्याच्या ओळखीचा निघेल, आणि ओळखीने कामं कशी होतात हे आम्हा भारतीयांना कुणी शिकवायला नको.

मी नैरोबीत टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं काम करतो. तुमच्याकडे टॅक्सी म्हणून जी मोटरसायकल चालते, बोडाबोडा, त्यातल्या ढिगाने बजाज बॉक्सर आहेत, म्हणजे आमच्या आकुर्डीवाल्यांच्याच. न्हावा शेव्याला कंटेनर चढतो, मोंबासाला उतरतो, तिथून काही माल नैरोबीत राहतो, काही मलाबा किंवा बुसियाच्या बॉर्डरवरून युगांडात जातो. त्यामुळे तुम्ही समिटला जमून हातात हात घालून फोटो काढता तेव्हा मी तो फोटो फार बघत नाही, पण दुसऱ्या दिवशी बॉर्डरवरच्या क्लार्कला काय सर्क्युलर आलं ते मात्र बघतो, कारण माझा गल्ला त्याच्यावर चालतो.

आता मुद्दा. तुमच्याकडे करारांचा तुटवडा अजिबात नाही. २००५ ला कस्टम्स युनियन झाली, १ जुलै २०१० ला कॉमन मार्केट सुरू झालं, ३० नोव्हेंबर २०१३ ला कंपालात एकाच चलनाच्या प्रोटोकॉलवर सह्या झाल्या, आणि त्याच्याही वर राजकीय महासंघाचं स्वप्न आहेच. दुखणं वेगळं आहे. सगळ्या देशांनी मिळून मान्य केलेला करार एखाद्या देशाच्या एखाद्या खात्याच्या एका पत्राने रातोरात बाजूला पडतो, आणि ते पत्र काढणाऱ्याला त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. बाकी सगळं मी लिहितोय ते याच्याच भोवती आहे.

पण उगाच नुसती बोटं मोडत बसणार नाही, जे चांगलं झालं ते आधी बोलतो. मोंबासाहून कंपालाला ट्रक जायला पूर्वी अठरा-अठरा दिवस लागायचे, २०१४ च्या सुमारास सिंगल कस्टम्स टेरिटरी म्हणजे सगळ्यांची मिळून एकच कस्टम्स हद्द सुरू झाल्यावर ते चार-पाच दिवसांवर आलं असं तुम्हीच सांगता आणि आमच्या लाइनीतले जुने लोकही साधारण तेच सांगतात. युगांडाच्या मालाचा टॅक्स युगांडाचे लोक मोंबासातच ठरवून घेतात, कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लागतं, ट्रक कुठे उभा आहे ते ऑफिसात बसून दिसतं, आणि बुसिया, मलाबा, नमांगाला दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात म्हणजे एकाच रांगेत काम होतं. केनिया, युगांडा, रवांडाचा माणूस २०१४ पासून पासपोर्ट न काढता नुसत्या आयडी कार्डवर एकमेकांकडे जातो. हे आमच्या दक्षिण आशियात स्वप्नात पण नाही, सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली त्यानंतर एकही झालेली नाही, तेव्हा मी कुठल्या तोंडाने तुम्हाला शिकवतोय हे मलाही कळतं. पण शेजाऱ्याकडे जास्त वाईट आहे म्हणून आपल्याकडचं बरं म्हणायची सवय आम्हाला महाग पडली, तुम्ही ती लावून घेऊ नका.

तर मका. मार्च २०२१. केनियाच्या एका सरकारी संस्थेने कस्टम्सला एक पत्र लिहिलं की युगांडा आणि टांझानियाच्या मक्यात अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष जास्त आहे, आजपासून तिकडचा मका आत घेऊ नका. झालं, मक्याने भरलेले ट्रक जिथल्या तिथे. मका म्हणजे इकडची ज्वारी-बाजरीच समजा, त्याचं पीठ शिजवून जो उगाली करतात तो रोजचं जेवण आहे. अफ्लाटॉक्सिन खरं आहे, माणसं त्याने मरतात, केनियात २००४ ला शंभरावर माणसं गेली होती, त्यामुळे तपासणी नको असं कुणीच म्हणणार नाही. पण तपासणी आणि बंदी यात फरक आहे की नाही? केनियाच्या स्वतःच्या मक्यात ते विष निघत नाही का? निघतंच. पाच-सहा दिवसांत ओरड झाली आणि बंदी मागे घेऊन अटी घातल्या, रजिस्ट्रेशन करा, सर्टिफिकेट आणा वगैरे. मग मे महिन्यात सामिया मॅडम नैरोबीत आल्या, छान भाषणं झाली. पण त्या पाच-सहा दिवसांत ज्याचा ट्रक बॉर्डरवर उभा होता त्याला भरपाई कोणी दिली? ज्या अटी नंतर सुचल्या त्या आधी सुचल्या असत्या तर बंदीची गरजच नव्हती, एवढं साधं आहे.

आणि टांझानियावाल्यांनी यावर लगेच माना डोलवू नयेत. २०१७ च्या शेवटी नमांगाला केनियातून आलेली कोंबडीची ६,४०० पिल्लं पकडली आणि बर्ड फ्लूचा धोका म्हणून जिवंत जाळली. खोक्यात चिवचिवणारी एकेक दिवसाची पिल्लं हो. परत पाठवता आली असती, बॉर्डर दोन पावलांवर होती. त्याच सुमारास चरत चरत पलीकडे गेलेली मसाई लोकांची तेराशेच्या आसपास गुरं जप्त करून लिलावात काढली. मसाई माणूस बॉर्डरच्या दोन्ही बाजूंना राहतो, त्याची बहीण इकडे आणि मेहुणा तिकडे, त्याच्या गाईला कुठे माहीत की मधे इंग्रज आणि जर्मनांनी १८८० च्या दशकात पट्टी ठेवून रेघ मारलेली आहे.

मग जानेवारी २०२४, केनियाने टांझानियाच्या कार्गो विमानाला परवानगी नाकारली म्हणून टांझानियाने केनिया एअरवेजची नैरोबी-दार एस सलाम विमानं बंद करायची नोटीस काढली, दोन दिवसांत मिटलं. जुलै २०२५, टांझानियाने परदेशी माणसांना पंधरा प्रकारचे छोटे धंदे बंद केले, मोबाईल मनी, मोबाईल रिपेअरिंग, सलून, टूर गाईड, शेतात जाऊन पीक विकत घेणं, असले. तुम्ही म्हणाल चिनी दुकानदारांना आवरायला काढलं. असेल. पण हुकूमात परदेशी म्हणजे जो टांझानियाचा नागरिक नाही तो, त्यात अरुशात सलून चालवणारी केनियाची पोरगी पण आली. नैरोबीत आरडाओरडा झाला, केनियाच्या व्यापाऱ्यांनी आम्हीपण असंच करू म्हटलं, आणि मी मनात म्हटलं ये रे माझ्या मागल्या.

बघा, यातलं प्रत्येक भांडण शेवटी मिटतं. फोन होतात, मंत्री भेटतात, मिटतं. तुमचे लोक याला मुत्सद्देगिरीचं यश म्हणतात. मला ते यश वाटत नाही कारण जे भांडण दोन साहेबांच्या फोनवर मिटतं ते दोन साहेबांचं बिनसलं की पेटतं पण, आणि धंदा करणाऱ्या माणसाला भांडण मिटल्याचा फायदा नसतो, त्याला भांडण होणारच नाही याची खात्री हवी असते. बँक त्या खात्रीवर कर्ज देते. गोडाऊन त्या खात्रीवर बांधलं जातं. तुमचा आपापसातला व्यापार एकूण व्यापाराच्या पंधरा टक्क्यांच्या आसपासच घुटमळतोय तो काय उगाच? लोक एकमेकांकडून घेण्याऐवजी चीनकडून आणि आमच्याकडून घेतात, कारण ग्वांगझूचा माल वेळेवर येईल याची जेवढी खात्री आहे तेवढी शेजारच्या जिल्ह्यातून येणाऱ्या अंड्यांची नाही. माझा धंदा खरं तर त्याच्यावरच चालतो, तरी सांगतोय.

हे सगळं एकदा होऊन गेलेलं आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. १९६७ ला केनिया, युगांडा, टांझानियाने पहिली ईएसी केली तेव्हा काय नव्हतं तुमच्याकडे? रेल्वे एक, पोस्ट एक, बंदरं एका महामंडळाकडे, विमान कंपनी एक, ईस्ट आफ्रिकन एअरवेज. चलन तर १९६६ पर्यंत एकच होतं, ईस्ट आफ्रिकन शिलिंग. (त्याच्या आधी १९२० पर्यंत इकडे आपला भारतीय रुपया चालायचा, हे इथल्या आपल्या कित्येक लोकांना माहीत नसतं.) टांगानिकाचे, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीचे नेते न्येरेरे तर १९६० मध्येच म्हणाले होते की सगळे एकत्र येणार असतील तर टांगानिकाचं स्वातंत्र्य थोडं पुढे ढकलायची माझी तयारी आहे. आजच्या तारखेला कुठला नेता असलं बोलेल? आणि दहा वर्षांत, १९७७ ला, सगळं संपलं. १९७१ ला युगांडात इदी अमीनने सत्ता बळकावली, न्येरेरे म्हणाले या माणसासोबत मी बसणार नाही, आणि सगळ्यात वरची कमिटी म्हणजे फक्त हे तीन राष्ट्राध्यक्षच असल्यामुळे ती कमिटी बसलीच नाही आणि खालचं सगळं गंजत गेलं. त्यात टांझानियाची तक्रार की सगळा फायदा नैरोबीला, केनियाची तक्रार की आम्हीच किती भरायचं. विमान कंपनी बंद पडली, टांझानियाने केनियाची बॉर्डर बंद केली ती १९८३ पर्यंत, आणि मालमत्तेच्या वाटणीवर सह्या व्हायला १९८४ उजाडलं, ती पण एका स्विस माणसाला मध्यस्थ घालून. भावाभावांच्या वाटणीत परका माणूस बोलवावा लागला.

१९९९ ला अरुशात तुम्ही नवा करार केला त्याच्या प्रस्तावनेत जुनं का मोडलं ते अगदी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. राजकीय इच्छाशक्ती कमी पडली, खाजगी क्षेत्राला आणि सामान्य लोकांना सोबत घेतलं नाही, आणि फायद्याची वाटणी सारखी झाली नाही. मी तो करार वाचला तेव्हा मला या माणसांबद्दल खरंच आदर वाटला, इतकं स्वच्छ निदान स्वतःच्याच आजाराचं कोण लिहितं. आणि मग पुढची कलमं वाचली तर शिखर परिषदेचे निर्णय सर्वसंमतीने. म्हणजे आठातला एक नाही म्हणाला की बसा. जो देश पैसे भरत नाही किंवा करार पाळत नाही त्याच्यावर काय कारवाई करायची तर कलम १४३, जी शिखर परिषद ठरवेल ती. म्हणजे तुमच्यावरची कारवाई तुम्हीच ठरवणार. मग कशाला कोण कोणावर बोट ठेवेल, आज मी तुझ्यावर ठेवलं तर उद्या तू माझ्यावर ठेवशील.

हे पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या मेंबरला दोन मिनिटांत कळेल. मेंटेनन्स थकवणारेच कमिटीत, लिफ्ट बंद, पंप बंद, आणि एजीएमला विषय काय तर शेजारच्या प्लॉटवाल्यांना सोसायटीत घ्यायचं आणि गेटला नवीन कमान बांधायची. तुम्ही २००७ ला रवांडा-बुरुंडी घेतले, २०१६ ला दक्षिण सुदान, २०२२ ला काँगो, २०२४ ला सोमालिया. तीस कोटी लोकसंख्या झाली, भाषणात ऐकायला भारी वाटतं. आणि अरुशाच्या ऑफिसला पगाराची चिंता, वर्गणी वर्षानुवर्षं सगळ्यांची सारखी ठरलेली पण थकबाकी कोट्यवधी डॉलर, तुमच्या त्या प्रादेशिक विधानसभेवर निधी नाही म्हणून काम थांबवायची वेळ आली. सारखी वर्गणी हे पण एक गमतीशीरच आहे, केनियाची अर्थव्यवस्था कुठे आणि बुरुंडीची कुठे, दोघांनी सारखे भरायचे आणि मग बुरुंडी भरत नाही म्हणून नाक मुरडायचं. ऐपतीप्रमाणे घ्या ना, आणि मग मात्र सोडू नका.

कोर्टाचंही सांगतो कारण ती एकच जागा आहे जिथे मला आशा वाटते. तुमचं अरुशाचं न्यायालय, ईस्ट आफ्रिकन कोर्ट ऑफ जस्टिस, यांनी २०१४ ला सेरेंगेटीच्या अभयारण्यातून डांबरी हायवे न्यायचा टांझानियाचा बेत बेकायदा ठरवला. एका बिगर सरकारी संस्थेने केस लावली होती, सरकारविरुद्ध, आणि जिंकली. तो रस्ता झाला असता तर वाइल्डबीस्ट म्हणजे इकडची मोठाली हरणं, झेब्रे यांचं ते वर्षाचं मोठं स्थलांतर मधेच तुटलं असतं. म्हणजे तुम्ही बनवलेली गोष्ट चालते, चालू दिली तर. पण त्याच कोर्टाने नोव्हेंबर २००६ मध्ये केनियाने प्रादेशिक विधानसभेवर सदस्य चुकीच्या पद्धतीने पाठवले म्हणून त्यांचा शपथविधी अडवला तेव्हा काय केलंत? काही आठवड्यांच्या आत, डिसेंबरमध्ये, करारच बदलला. वर अपील कोर्ट आणलं, न्यायाधीशांना काढायची नवीन कारणं आणली. एरवी एक टोलनाक्याचा फॉर्म बदलायला तुम्हाला तीन वर्षं लागतात.

एकजुटीची खरी परीक्षा मिटुंबाच्या वेळी झाली, मिटुंबा म्हणजे युरोप-अमेरिकेहून गठ्ठ्यांनी येणारे वापरलेले कपडे. २०१६ ला तुम्ही ठरवलं की हे हळूहळू बंद करायचं आणि स्वतःच्या कापड गिरण्या उभ्या करायच्या. निर्णय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो, नैरोबीच्या गिकोंबा बाजारात हजारो लोकांचं पोट त्याच्यावर आहे आणि माझ्या दुकानातली पोरं पण तिथूनच कपडे घेतात. पण ठरवलं होतं ना सगळ्यांनी मिळून? अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली, अमेरिकेने सांगितलं की आगोआ या त्यांच्या आफ्रिकेसाठीच्या कायद्याखाली मिळणारी ड्युटी-फ्री सवलत काढून घेऊ, आणि केनियाने पहिल्यांदा अंग काढलं, मग टांझानिया आणि युगांडाही मागे हटले. एकटा रवांडा उभा राहिला आणि जुलै २०१८ ला त्याची कपड्यांवरची सवलत गेली. कागामे साहेबांबद्दल माझी बाकी मतं वेगळी आहेत, खाली येतीलच, पण इथे माणूस एकटा पडला हे खरं आहे. युरोपसोबतच्या कराराचं तेच, वाटाघाटी समुदाय म्हणून केल्या, २०१४ ला मसुदाही तयार झाला, २०१६ ला केनिया आणि रवांडाने सही केली, बाकीच्यांनी लांबवली, शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये केनियाने एकट्याने वेगळ्या करारावर सही केली. केनियाची बाजू मला समजते, बाकीचे देश गरीब देशांच्या यादीत आहेत म्हणून त्यांचा माल युरोपात तसाच ड्युटी-फ्री जातो, केनिया त्या यादीत नाही आणि नैवाशाची गुलाबाची फुलं ड्युटी भरून विकली तर मार्केट इथिओपिया घेऊन जाईल. पण म्हणजे बाहेरच्या जगासाठी एकच दर ठेवायचा म्हणून तुम्ही जी कस्टम्स युनियन केली तिला एका बाजूने खिडकी पडली, आणि २०२१ च्या शिखर परिषदेत तुम्हीच ज्याला हवं त्याने पुढे जावं म्हणून तिला वाट करून दिलीत.

आता राजकारण. इथे मी परदेशी माणूस, वर्क परमिटवर राहणारा, जपूनच लिहायला पाहिजे. एवढंच म्हणतो की तुमच्यात सहकार्य कुठे सगळ्यात फास्ट चालतं ते लोकांना दिसतंय. नोव्हेंबर २०२४ ला युगांडाचे विरोधी नेते किझा बेसिग्ये नैरोबीत एका पुस्तकाच्या कार्यक्रमाला आले होते, तिथून गायब झाले आणि चार दिवसांनी कंपालाच्या लष्करी कोर्टात उभे केले गेले. ना प्रत्यार्पण, ना कोर्टाचा कागद. मक्याच्या ट्रकला ज्या बॉर्डरवर अडवतात ती बॉर्डर बेसिग्येंना नेणाऱ्यांना आडवी आली नाही. मे २०२५ मध्ये टांझानियाचे विरोधी नेते तुंडू लिस्सूंच्या सुनावणीला दार एस सलामला गेलेल्या केनियाच्या नेत्या मार्था करुआंना विमानतळावरूनच परत पाठवलं, केनिया आणि युगांडाच्या दोन कार्यकर्त्यांना धरून ठेवलं आणि मग बॉर्डरजवळ सोडून दिलं, आपला छळ झाला असं दोघांनी सांगितलं. कॉमन मार्केटमध्ये माणसांनी मोकळं फिरावं असं लिहिलंय. तुमच्या कराराच्या सहाव्या कलमात सुशासन, लोकशाही, कायद्याचं राज्य हे सगळं लिहिलंय. ते एक तर खोडा किंवा वाचा.

काँगोबद्दल लिहायला हात जड होतो. २०२२ च्या जुलैमध्ये काँगो समुदायात आला, नोव्हेंबरमध्ये तुम्ही पूर्व काँगोतल्या एम-ट्वेंटीथ्री या बंडखोर गटाविरुद्ध प्रादेशिक फौज पाठवली, वर्षभराने काँगो सरकारने ती नको म्हटलं, डिसेंबर २०२३ ला ती परत गेली. जानेवारी २०२५ ला पूर्व काँगोतलं गोमा शहर बंडखोरांच्या हाती पडलं. गोमाजवळ संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत आपले भारतीय जवान वर्षानुवर्षं आहेत, साताऱ्या-कोल्हापूरकडच्या घरांत ते गाव नावाने माहीत आहे. संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात की एम-ट्वेंटीथ्रीच्या मागे रवांडाचं सैन्य आहे, रवांडा नाही म्हणतो. काँगो आणि रवांडा दोघेही एकाच समुदायाचे सदस्य, एकाच टेबलाला बसणारे. आणि शेवटी सह्या कुठे झाल्या? वॉशिंग्टनला, डिसेंबर २०२५ मध्ये, ट्रम्पसमोर. दोहातही बोलणी झाली. अरुशात काय झालं? १९७१ ला न्येरेरे आणि अमीन एका खोलीत बसत नव्हते म्हणून दुकान बंद पडलं होतं, आणि आता पुन्हा तसंच, वरची खोली रिकामी की खाली काहीच हलत नाही, कारण खालच्या कोणाला स्वतःहून हलायचा अधिकार तुम्ही दिलेलाच नाही.

तुम्हाला वाटेल हा माणूस मोठ्या गोष्टी बोलतोय, बॉर्डरवर एक दिवस घालवा मग. बुसियाला माल सोडवायला जातो तेव्हा मी एका चहाच्या टपरीवर बसतो, तिथून दिसतं. नवीन इमारतीत स्कॅनर आहे, एसी आहे, दोन देशांचे झेंडे आहेत. आणि तिच्या बाजूने, घरांच्या मधून, मातीची पायवाट जाते. डोक्यावर टोपली, पाठीला कापडात बांधलेलं मूल, टोपलीत सुकी ओमेना मासळी नाहीतर शेंगदाणे नाहीतर अंड्यांचे ट्रे, अशा बायका त्या वाटेने जातात. त्यांच्यासाठी तुमच्याकडे खरं तर फार चांगला नियम आहे, दोन हजार डॉलरच्या आतला, इथेच पिकलेला माल असेल तर साधा एक पानी दाखला बॉर्डरवरच मिळतो आणि ड्युटी शून्य. मी त्यातल्या एका मामाला विचारलं, इकडे वयाने मोठ्या बाईला मामाच म्हणतात, की आतून का जात नाही. ती म्हणाली आत गेलं की हा म्हणतो तो कागद कुठे, तो म्हणतो हा शिक्का कुठे, अंडी उन्हात, मुलाला भूक. बाहेरून गेलं की वाटेवरच्या पोलिसाला थोडे शिलिंग दिले की झालं, आणि तो रोजचा आहे, त्याचा रेट ठरलेला आहे.

ठरलेला आहे, हे तिने दोनदा सांगितलं. तुमचं अख्खं सेक्रेटरिएट जे देऊ शकत नाही ते तो पोलिस देतो.

म्हणून माझी मागणी छोटी आहे, २०३१ च्या एका चलनाबद्दल मला काही म्हणायचंच नाही, २०२४ ला येणार होतं ते, आता २०३१, बघू. पण एवढं करा की कुठल्याही देशाला शेजाऱ्याचा माल थांबवायचा असेल तर आधी अरुशाला लेखी कळवायचं, कारण आणि तपासणीचे रिपोर्ट जोडायचे, आणि वाटेत असलेल्या मालाला ती बंदी लागू नाही. साथीचा रोग असेल तर तातडीने थांबवा, पण ठराविक दिवसांत पुरावा दिला नाही तर बंदी आपोआप रद्द, कुणाच्या फोनची वाट न बघता. कोर्टाला थेट या बाबतीत नुकसान भरपाई ठरवायचा अधिकार द्या, आणि ती भरपाई त्या देशाच्या वर्गणीत धरा. मग बघा मंत्रालयातली पत्रं किती विचार करून निघतात. दोन हजार डॉलरवाला तो नियम स्वाहिलीत, मोठ्या अक्षरात, बॉर्डरच्या इमारतीत नाही तर त्या पायवाटेच्या तोंडाशी लावा, किंबहुना एक खिडकीच तिथे उघडा. आणि थकबाकी पूर्ण होईपर्यंत नवीन मेंबर घेणं बंद.

यातल्या कशालाच नवीन प्रोटोकॉल लागत नाही. दोन-चार कलमं बदलावी लागतील. ती किती पटकन बदलता येतात ते तुम्ही २००६ ला दाखवलेलं आहे.

आपला,
नैरोबीतला एक मराठी स्पेअर पार्टवाला

ता.क. मे महिन्यात आणि दिवाळीत आमच्याकडून पुष्कळ लोक सफारीला येतात, त्यांची पण एक तक्रार घालतो कारण ते मलाच फोन करतात. मसाई मारा आणि सेरेंगेटी हे एकच जंगल, दहा लाखांवर वाइल्डबीस्ट मधली नदी ओलांडून जातात-येतात, पण सँड रिव्हरकडची जी सरळ वाट १९७७ ला बंद केलीत ती पर्यटकांसाठी काही नीट उघडली नाहीत. मग डोंबिवलीचे काका-काकू माराहून लांबचा वळसा घालून इसेबानियाला नाहीतर पार नमांगाला जातात, तिथे केनियाची गाडी टांझानियात चालत नाही म्हणून बॅगा, खाकऱ्यांचे डबे, गुडघ्याचे पट्टे सगळं उतरवून दुसऱ्या गाडीत भरतात, हा नियम तुमच्या १९८५ च्या कराराचा आहे. केनिया-युगांडा-रवांडाचा मिळून शंभर डॉलरचा व्हिसा आहे, त्यात टांझानिया नाही, म्हणून तिकडचे पैसे वेगळे. सामिया मॅडम, हे तुमच्या आणि रुटो साहेबांच्या दोन सह्यांचं काम आहे, बाकीच्या सहा जणांना यात विचारायचीही गरज नाही.